गुठळीचा झटका आणि रक्तस्रावाचा झटका

तोंड एका बाजूला वाकडे होणे, उचललेला हात खाली पडणे, बोलणे अडखळणे ही मेंदूच्या झटक्याची लक्षणे दिसताच कोल्हापुरात आणि आसपासच्या खेड्यांत ‘अंगावरून वारं गेलं’ असे म्हटले जाते. प्रत्यक्षात या एकाच चित्रामागे दोन निरनिराळे आजार असतात. एकात मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होते, तर दुसऱ्यात ती फुटून रक्त मेंदूत पसरते. बहुसंख्य झटके पहिल्या प्रकारचे असतात. दुसरा प्रकार कमी आढळतो, पण त्यात जिवाला धोका अधिक असतो.

उच्च रक्तदाब दोन्हींच्या मुळाशी आहे. वर्षानुवर्षे वाढलेल्या दाबामुळे मोठ्या रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा होऊन तेथे चरबीचे थर साचतात आणि त्यांवर गुठळी धरते. मेंदूतील बारीक वाहिन्यांच्या भिंती मात्र त्याच दाबाने कमकुवत होऊन फुटू शकतात. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या, 32 देशांतील ‘इंटरस्ट्रोक’ अभ्यासात रक्तदाबाचा संबंध रक्तस्रावाशी अधिक घट्ट, तर धूम्रपान, मधुमेह आणि हृदयविकार यांचा गुठळीशी अधिक घट्ट आढळला. हृदयाचे ठोके अनियमित पडत असतील, तर हृदयातच गुठळी तयार होऊन ती मेंदूपर्यंत जाऊ शकते. अतिमद्यपानाने दोन्ही धोके वाढतात, रक्तस्रावाचा विशेष.

आपल्याकडे तांबड्या रश्श्याच्या तिखटाला दोष दिला जातो, पण खरी काळजी मिठाची करायला हवी. मिसळीवरची शेव-फरसाण, पापड, लोणचे आणि ताटात वरून घेतलेले मीठ यांची बेरीज कोणी करत नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली दिवसाला 5 ग्रॅमची मर्यादा सहज ओलांडली जाते. तरुणपणी तालमीत घाम गाळला म्हणून पुढे चालणे सोडले तरी चालेल, असेही नाही. आठवड्याला किमान 150 मिनिटे, रंकाळ्याभोवती का होईना, भरभर चालणे उतारवयातही गरजेचे आहे. दाब उतरला म्हणून परस्पर गोळी बंद करणे ही तर मला सर्वांत घातक सवय वाटते, कारण बहुतेकांचा दाब त्या गोळीमुळेच उतरलेला असतो.

उपचारांत हे दोन आजार एकमेकांच्या अगदी उलट आहेत. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. तेच रक्तस्रावाच्या रुग्णाला दिले, तर रक्तस्राव वाढून मृत्यू ओढवू शकतो. प्रकार कोणता हे बाहेरून खात्रीने सांगता येत नाही, त्यासाठी सीटी स्कॅनच करावा लागतो. म्हणून ‘रक्त पातळ होऊ दे’ म्हणून घरीच अ‍ॅस्पिरिन देऊ नये. वारं गेल्याच्या औषधासाठी गावोगाव फिरण्यात वेळ न घालवता 108 क्रमांकावर फोन करावा आणि रुग्ण शेवटचा ठीक केव्हा दिसला, ती वेळ डॉक्टरांना सांगावी. झोपेतून उठताना लक्षणे दिसली असतील, तर ती वेळ रात्री झोपतानाची धरली जाते.

घरी परतल्यावरही हा फरक संपत नाही. गुठळीच्या रुग्णाला बहुधा रक्त पातळ ठेवणारी गोळी दीर्घकाळ घ्यावी लागते, रक्तस्रावाच्या रुग्णाची मात्र तीच गोळी सहसा थांबवली जाते. त्यामुळे शेजाऱ्याला लागू पडलेले औषध आपल्या रुग्णाला देण्यापूर्वी डिस्चार्ज कार्डावर झटक्याचा कोणता प्रकार लिहिला आहे ते पाहावे आणि डॉक्टरांना विचारावे.