फोल्डरची मांडणी आणि साइडबारची मांडणी

रावेर-यावल भागातील केळी उत्पादकांसाठी ठिबक, खते आणि रोगनियंत्रण यांची माहिती देणारे मराठी डॉक्युमेंटेशन संकेतस्थळ उभारायचे आहे, असे समजू. मजकूर मार्कडाउन (साध्या खुणांनी मांडणी दाखवणाऱ्या) फाइलींत लिहिला जातो, फाइली फोल्डरांत ठेवल्या जातात आणि वाचकाला पानाच्या कडेला पानांची यादी, म्हणजे साइडबार, दिसतो. दोन्हीकडे तीच पाने असल्यामुळे या दोन मांडण्या एकच आहेत असा समज सहज होतो. डॉक्युसॉरस, एमकेडॉक्स यांसारखी अशा फाइलींपासून संकेतस्थळ बनवणारी साधने फोल्डर पाहून साइडबार आपोआप तयार करत असल्याने तो आणखी पक्का होतो. मात्र फोल्डरवर पानाचा वेबवरील पत्ता आणि लिहिणाऱ्याची सोय अवलंबून असते, तर साइडबारवर वाचण्याचा क्रम.

एमकेडॉक्समध्ये सेटिंगच्या फाइलीत 'नॅव्ह' हा पानांचा क्रम सांगणारा भाग लिहिला नाही, तर पाने फाइलींच्या नावांप्रमाणे अक्षरानुक्रमे लागतात. काढणी, खते, ठिबक, निसवण (घड बाहेर पडणे), रोग आणि लागवड अशी सहा पाने असतील, तर फाइलींची नावे रोमन अक्षरांत असोत वा देवनागरीत, काढणी पहिली येते. देवनागरीत तर लागवड सर्वांत शेवटी जाते. पानाच्या तळाशी असणारी 'मागील' आणि 'पुढील' ही बटणेही याच क्रमाने चालतात, त्यामुळे काढणीचे पान वाचून झालेल्या शेतकऱ्याला पुढे खतांचे पान दाखवले जाते.

यावर फाइलींच्या नावांपुढे ०१, ०२ असे आकडे लावण्याचा उपाय अनेक जण करतात. डॉक्युसॉरस हे आकडे पत्त्यातून काढून टाकतो, पण एमकेडॉक्समध्ये ते पत्त्यात तसेच उतरतात आणि मध्ये एखादे नवे पान घालायचे झाले की पुढच्या सगळ्या पानांचे पत्ते बदलतात. क्रम हे साइडबारचे काम फाइलीच्या नावावर टाकले की हे होणारच. त्यापेक्षा एमकेडॉक्समध्ये 'नॅव्ह' हाताने लिहावा. डॉक्युसॉरसमध्ये पानाच्या माथ्यावरील माहितीत 'साइडबार पोझिशन' द्यावी किंवा साइडबारची स्वतंत्र फाइल लिहावी.

पत्ता बदलण्याचा त्रास लिहिणाऱ्याला जाणवत नाही, कारण त्याच्या संगणकावर सगळे नीट चाललेले असते. गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर गेलेली लिंक किंवा कृषी सेवा केंद्राच्या भिंतीवरील पत्रकात छापलेला क्यूआर कोड मात्र जुन्याच पत्त्याकडे नेतो आणि तिथे पान नसते. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी चांगले पत्ते बदलत नाहीत हे 1998 मध्येच बजावून ठेवले आहे. म्हणून फोल्डर एकदा विचार करून ठरवावेत आणि मग शक्यतो हलवू नयेत. हलवावेच लागले तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे आपोआप नेणारा रीडायरेक्ट लावावा. साइडबार मात्र दर हंगामात बदलला तरी कोणाची लिंक तुटत नाही.

दोन्हींतील खरा फरक हंगामांपाशी दिसतो. जळगाव जिल्ह्यात जून-जुलैची लागवड म्हणजे मृग बाग आणि पावसाळ्याच्या शेवटी, साधारण ऑक्टोबरपर्यंत होणारी लागवड म्हणजे कांदे बाग. डिसेंबर-जानेवारीची थंडी कांदे बागेला रोपे लहान असतानाच गाठते, तर मृग बागेतील झाडे तोवर सहा महिन्यांच्या आसपास पोहोचलेली असतात. म्हणजे 'थंडीतील काळजी' हे पान एका बागेच्या वाचकाला लागवडीपाठोपाठ हवे आणि दुसऱ्याला बरेच नंतर. फाइल एकाच फोल्डरमध्ये राहू शकते आणि तिच्या दोन प्रती करणे चुकीचे ठरेल, कारण एकीत केलेली दुरुस्ती दुसरीत करायची राहून जाते. फाइल एकच ठेवावी आणि साइडबारमध्ये दोन्ही ठिकाणी तिची नोंद करावी. डॉक्युसॉरसमध्ये दोन हंगामांचे दोन साइडबार केल्यास पान एकाशी बांधलेले ठेवून दुसऱ्यात 'रेफ' प्रकारची, म्हणजे त्या पानाकडे फक्त निर्देश करणारी, नोंद देता येते. पण दुसऱ्या साइडबारवरून तिथे आलेल्या वाचकासमोर पहिलाच साइडबार उघडतो. म्हणून अशा पानाच्या शेवटी दोन्ही हंगामांच्या पुढील टप्प्याच्या लिंक मजकुरातच द्याव्यात. मोबाइलवर साइडबार मेनूच्या बटणामागे दडलेला असतो, त्यामुळे या लिंकचे महत्त्व आणखी वाढते.

नावांचेही असेच आहे. देवनागरीत नाव दिलेल्या फाइलीचा पत्ता ब्राउझरमधून कॉपी केल्यावर बहुधा टक्केचिन्हे आणि आकड्यांची लांबलचक माळ होते. म्हणून फाइलीचे नाव रोमन अक्षरांत, आटोपशीर असावे. साइडबारमधील लेबल मात्र मराठीतच हवे आणि ते पानाच्या शीर्षकापेक्षा लहान चालते: शीर्षक 'केळीवरील करपा रोगाची ओळख आणि नियंत्रण' असले, तरी साइडबारमध्ये 'करपा' पुरेसे आहे.

हाताने लिहिलेल्या साइडबारचा एक धोका आहे. फोल्डरमध्ये नवी फाइल टाकली आणि यादीत नोंद करायची राहिली, तर पान तयार होते, त्याचा पत्ताही चालतो, पण यादीतून वाचक तिथे पोहोचत नाही. स्फिंक्स हे याच प्रकारचे आणखी एक साधन अशा पानाबद्दल इशारा देते आणि एमकेडॉक्सही 'नॅव्ह'मध्ये नसलेल्या फाइलींची नावे दाखवतो. संकेतस्थळ तयार करताना स्क्रीनवर येणाऱ्या या ओळी प्रत्येक वेळी वाचाव्यात. पाने मोजकीच असतील आणि कोणत्याही क्रमाने वाचली तरी चालत असतील, तोवर आपोआप तयार होणारा साइडबार पुरतो. एक पान दुसऱ्याच्या आधी वाचले जाणे गरजेचे ठरले की साइडबार हाताने लिहायला घ्यावा.