लॅटिन व विज्ञानशिक्षण

विज्ञानातील परिभाषा उलगडण्यापुरते लॅटिनचे, व जोडीने ग्रीकचे, ज्ञान. अख्खी भाषा लागत नाही. नामाचे लिंग, षष्ठी आणि नेहमीचे उपसर्ग-प्रत्यय पुरतात. लॅटिनमुळे बुद्धीलाच वळण लागते, हा जुना दावा मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक यांच्या १९२४ च्या अमेरिकेतील पाहणीत फारसा टिकला नाही. लाभ शब्दज्ञानापुरता मानणे अधिक सयुक्तिक.

वनस्पतींची द्विनामे (दोन शब्दांची शास्त्रीय नावे) स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअसच्या १७५३ च्या ग्रंथापासून ग्राह्य धरतात. त्यांत जातिवाचक विशेषण (दुसरा शब्द) प्रजातिनामाच्या (पहिल्या शब्दाच्या) लिंगानुसार चालते. लॅटिन वृक्षनामे ‘-अस’ अशी पुल्लिंगी दिसली तरी बहुधा स्त्रीलिंगी असतात. म्हणून पिंपळ ‘फायकस रिलिजिओसा’, ‘रिलिजिओसस’ नव्हे. फणस मात्र ‘आर्टोकार्पस हेटेरोफिलस’, कारण ‘-कार्पस’ने संपणारी नावे नियमानेच पुल्लिंगी. चिंचेच्या ‘टॅमरिंडस इंडिका’त अरबी ‘तमर हिंदी’ (हिंदी खजूर) आधीच आहे, म्हणजे भारत दोनदा आला. काटेसावरीच्या ‘बॉम्बॅक्स’मध्ये मुंबई शोधू नये, तो शब्द रेशीमवाचक ग्रीक शब्दाकडे जातो. लिंगाची हीच कसोटी शहराच्या नावालाही लागते. ‘बॉम बाइया’ (चांगला उपसागर) ही पोर्तुगीज व्युत्पत्ती पुष्कळदा सांगतात. पण ‘बाइया’ स्त्रीलिंगी असल्याने विशेषण ‘बोआ’ हवे होते. मुंबादेवीवरून आलेली व्युत्पत्ती त्यामानाने सरस.

१९३५ पासून २०११ अखेरपर्यंत नव्या सपुष्प वनस्पतीचे वर्णन लॅटिनमध्ये देणे बंधनकारक होते. २०१२ पासून इंग्रजीही चालते. पण जुनी वर्णने लॅटिनमध्येच असल्याने मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) नमुना मूळ वर्णनाशी ताडून पाहणाऱ्याची लॅटिनपासून अजून सुटका नाही.

शाळेत संस्कृत घेतलेल्यांना शरीररचनाशास्त्र सोपे जाते : डेन्स–दन्त, जेनू–जानु, नासुस–नासा. ‘मस्क्युलस’ (स्नायू) म्हणजे मुळात छोटा उंदीर. त्यातला ‘मूस’ आपल्या मूषकाचा सगोत्र. ‘बायसेप्स’ (दंडाचा स्नायू) मधला शेवटचा ‘स’ अनेकवचनाचा नव्हे. ‘इलियम’च्या स्पेलिंगमध्ये आय की ई, यावर नितंबाचे हाड की लहान आतड्याचा शेवटचा भाग हे ठरते. औषधाच्या चिठ्ठीवरील ‘बीडी’ (दिवसातून दोनदा) व ‘टीडीएस’ (तीनदा) लॅटिनच. ‘ओडी’ इतरत्र दिवसातून एकदा, पण नेत्रवैद्यकात उजवा डोळा, आणि घोळ होतो तो इथे.

रसायनशास्त्रात लोखंडाचे ‘एफई’ हे चिन्ह फेरमवरून, शिशाचे ‘पीबी’ प्लंबमवरून. टंगस्टनचा ‘डब्ल्यू’ मात्र जर्मन ‘वुल्फ्राम’चा.