वजन दोरीत असतं: ट्राउटसाठी पहिला फ्लाय फिशिंग संच निवडताना

नेहमीच्या गळाने मासे धरताना आपण वजन फेकतो. शिशाचा गोळा किंवा धातूचं चमकतं आमिष पुढे झेपावतं आणि बारीक दोरा त्याच्यामागून ओढला जातो. ट्राउट या थंड पाण्यातल्या माशाच्या खाण्यात मात्र मेफ्लाय, कॅडिस यांसारखे नाजूक कीटक आणि त्यांच्या पाण्यातल्या अळ्या मोठ्या प्रमाणात असतात. त्यांची नक्कल म्हणून पिसं आणि लोकर गळावर बांधून केलेली कृत्रिम माशी, म्हणजे ‘फ्लाय’, वजनाला ग्रॅमचा लहानसा अंश भरते. ती नुसती भिरकावली तर हात-दोन हातांवर गळून पडते. तिच्या वस्तुमानाच्या मानाने हवेचा विरोध फार मोठा असतो, अगदी पिसासारखा. म्हणून इथे वजन दोरीत भरलेलं असतं. फेकायची ती दोरी, माशी तिच्या टोकाला धरून जाते.

एवढं पक्कं समजलं की दुकानातला निम्मा गोंधळ मिटतो. बहुतेक नवखे लोक सगळे पैसे रॉडवर, म्हणजे काठीवर, घालतात आणि लाइन, म्हणजे ती वजनदार दोरी, मिळेल ती घेतात. मला वाटतं, हे उलट करायला हवं. साध्या रॉडवर चांगली लाइन सुखाने चालते. वाईट लाइन मात्र उत्तम रॉडलाही लंगडा करते.

रॉडवर ‘५ वेट’ असं लिहिलेलं दिसेल. ते रॉडचं वजन नव्हे, तो कोणत्या लाइनसाठी बनवला आहे त्याची खूण. लाइनच्या पुढच्या ३० फुटांचं वजन ‘ग्रेन’ या जुन्या मापात मोजून हा आकडा ठरतो. ४ नंबरला १२० ग्रेन, ५ नंबरला १४०, ६ नंबरला १६०. १४० ग्रेन म्हणजे साधारण ९ ग्रॅम. ट्राउटसाठी पहिला संच घेताना ५ नंबरची लाइन आणि ९ फुटी रॉड घ्यावा. या जोडीने छोटी तरंगती माशी हलकेच टेकवता येते आणि थोडी जड, बुडणारी माशीही नेता येते. अरुंद ओढ्यांसाठी ३ नंबरचा नाजूक रॉड फार गोड असतो, पण तो दुसरा रॉड म्हणून.

आता या ९ ग्रॅमचं काय होतं ते पाहा, कारण खरी मौज तिथे आहे. आधी लाइन मागे उडवून सरळ होऊ द्यायची, मग रॉड पुढे झटकून एकदम थांबवला की लाइन स्वतःवर दुमडते आणि हवेत आडव्या ‘यू’सारखा फास तयार होतो. खालची बाजू रॉडच्या टोकाशी जवळजवळ स्थिर, वरची बाजू पुढे धावणारी. फास उलगडत जातो तसा धावणारा भाग आखूड होत जातो. ऊर्जा उरलेल्या थोड्या वस्तुमानात गोळा होते, त्यामुळे टोक वेग धरून ठेवतं आणि हवेचा विरोध नसता तर ते आणखी पळालं असतं. आसूड कडाडतो तो याच कारणाने, त्याचं निमुळतं टोक ध्वनीपेक्षा वेगाने जातं. मागे गेलेली लाइन सरळ होण्याआधीच घाईने पुढे ओढली, तर फ्लाय लाइनही आसुडासारखी फटकन वाजते आणि माशी तुटून जाते. तो आवाज आला की समजावं, मागे थांबायचं राहिलं.

म्हणून नवशिक्यासाठी लाइनच्या खोक्यावरची ‘डब्ल्यूएफ-५-एफ’ ही अक्षरं महत्त्वाची. पहिली दोन सांगतात की वजन पुढच्या भागात एकवटलेलं आहे, शेवटचं सांगतं की लाइन तरंगणारी आहे. तिच्या प्लास्टिकच्या आवरणात सूक्ष्म पोकळ गोळ्या मिसळलेल्या असतात, म्हणून ती पाण्यावर राहते.

रॉडबद्दल एकच सांगतो. ‘फास्ट’ म्हणून विकला जाणारा कडक रॉड घेऊ नका. मध्यम वाकणारा रॉड मागे गेलेल्या लाइनचं वजन हाताला सांगतो, आणि शिकणाऱ्याला तोच निरोप हवा असतो. रीलवर फार विचार नको. ट्राउटच्या बाबतीत तिचं मुख्य काम लाइन गुंडाळून ठेवणं हेच. ब्रेक न अडखळता सुटत असला की झालं.

लाइनच्या पुढे ‘लीडर’ हा निमुळता पारदर्शक दोरा आणि त्याच्या टोकाला, माशी बांधायला, ‘टिपेट’ हा सर्वांत बारीक दोरा असतो. टिपेटची जाडी ‘एक्स’मध्ये सांगतात आणि हा आकडा उलटा चालतो. ११ मधून एक्सचा आकडा वजा करा, उरेल ती इंचाच्या हजारांशात जाडी. ५एक्स म्हणजे ०.००६ इंच, सुमारे ०.१५ मिलिमीटर. ३एक्स म्हणजे ०.००८ इंच. फरक क्षुल्लक वाटतो, पण दोऱ्याचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे ३एक्स तिपटीहून जास्त ताठ. ताठ दोरा माशीला प्रवाहाबरोबर मोकळं वाहू देत नाही आणि ट्राउटला संशय येतो. सुरुवातीला ९ फुटी ५एक्स लीडर नायलॉनचाच घ्यावा. फ्लुरोकार्बन या दुसऱ्या प्लास्टिकच्या दोऱ्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वळवण्याचं माप, १.४२, पाण्याच्या १.३३ ला जवळचा, म्हणून तो पाण्यात कमी दिसतो. नायलॉनचा १.५३ आहे. पण फ्लुरोकार्बन पाण्याच्या पावणेदोन पटींहून अधिक घन, त्यामुळे तरंगत्या माशीला खाली ओढतो.

लांब फेकता यायला हवं, या भीतीनेही लोक चुकीची खरेदी करतात. ट्राउटला बाहेरचं सगळं जग ९७ अंशांच्या शंकूतून दिसतं. मासा एक मीटर खोल असेल तर वरची त्याची खिडकी सव्वादोन मीटर रुंद. क्षितिजाजवळच्या गोष्टी त्या खिडकीच्या कडेला चेपून जातात. खाली वाकून, मागच्या बाजूने सावकाश गेलात तर तुम्ही त्याला दिसणं कठीण, आणि ३० फूट फेक पुष्कळ होते. लाइनचा आकडा ज्या ३० फुटांवर मोजतात, तेवढीच.

आपल्याला मात्र तो दिसायला हवा, त्यासाठी पोलराइज्ड चष्मा. पाण्यावरून परतणारी चकाकी बरीचशी आडवी ध्रुवित असते, म्हणजे तिच्या प्रकाशलहरी मुख्यतः आडव्या कंप पावतात, आणि नजर पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांत असेल तेव्हा ती जवळजवळ पूर्ण गाळली जाते. उडणाऱ्या गळापासून डोळे वाचतात, हे वेगळंच. तो गळ बिनकाट्याचा, म्हणजे टोकाजवळचा उलटा काटा नसलेला, असावा, म्हणजे सोडताना माशाचं तोंड फाटत नाही. बुटांचे तळवे नमद्याचे नकोत. ओल्या नमद्यातून परके शैवाल एका नदीतून दुसरीत जातात, म्हणून न्यूझीलंडने २००८ मध्ये त्यांच्यावर बंदी घातली.

उरलेल्या पैशांत पाण्याचा तापमापक घ्या. १० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, २० अंशांत ९.१. तापलेल्या पाण्यात ट्राउटला जास्त प्राणवायू हवा असतो आणि मिळतो कमी. झुंजून दमलेला मासा सोडला तरी मग वाचेलच असं नाही. पारा २० च्या आसपास पोहोचला की लाइन गुंडाळून ठेवावी आणि पहाटेच्या गार पाण्याची वाट पाहावी.