तुकुमची अंगठी, टेकू दिलेला क्रूस आणि ‘ऑप्शन’ शब्दाचा घोळ

तुकुम हे ब्राझीलमधले काटेरी ताडाचे झाड. त्याच्या बीचे कवच काळे आणि फार टणक असते. ते आडवे कापायचे, आतला गर कोरायचा, कडा घासून गुळगुळीत करायच्या, की अंगठी तयार. माप बीच ठरवते. सोन्यासारखी ती ठोकून वाढवता येत नाही, जोर लावला तर तडकते. 1971 मध्ये पेद्रो कासाल्दालिगा हे अरग्वाया नदीकाठच्या साओ फेलिक्सचे बिशप, म्हणजे कॅथलिक धर्मप्रांताचे प्रमुख झाले. त्यांनी पदाची खूण म्हणून सोन्याऐवजी हीच अंगठी स्वीकारली आणि बिशपच्या उंच टोपीऐवजी शेतमजुराची गवती टोपी.

हे काही एकट्याच्या मनात आलेले नव्हते; गरिबांच्या बाजूने उभा राहणारा ‘मुक्तीचा धर्मविचार’ (लिबरेशन थिऑलॉजी) तेव्हा लॅटिन अमेरिकेतल्या कॅथलिक चर्चमध्ये मूळ धरत होता. 16 नोव्हेंबर 1965 रोजी, जगभरच्या कॅथलिक बिशपांची दुसरी व्हॅटिकन परिषद संपत आली असताना, सुमारे 40 बिशपांनी रोमच्या डोमितिला भुयारी दफनभूमीत 13 कलमी करार केला होता: भारी कापड नको, सोन्याचांदीची चिन्हे नकोत, स्वतःच्या नावावर बँकखाते नको, बडेजावाच्या पदव्या नकोत.

खरा वाद पेटला तो एका शब्दावरून. कोलंबियातल्या मेदेयीनला 1968 मध्ये भरलेल्या लॅटिन अमेरिकी बिशपांच्या परिषदेत गरिबांना अग्रक्रम देण्याची भाषा होती. पुढच्या परिषदेत, मेक्सिकोतल्या पुएब्लाला 1979 मध्ये, ‘गरिबांसाठी प्राधान्याचा ऑप्शन’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. मराठीत त्याला ‘पर्याय’ म्हटले की अर्थच उलटतो. पर्याय म्हणजे घेतला तर घेतला, नाहीतर सोडला. स्पॅनिश ‘ओप्सिओन’मध्ये इथे विचारपूर्वक पत्करलेली बाजू आहे, ‘निवड’ हा शब्द त्याला जवळचा. ‘प्राधान्य’ हे विशेषणही तडजोडीचेच: गरीब आधी, पण बाकीचे वगळलेले नाहीत. टीकाकारांना त्यातही वर्गसंघर्ष दिसला. 1984 मध्ये रोमहून, म्हणजे व्हॅटिकनकडून, मार्क्सवादी विश्लेषणाच्या उसनवारीवर कडक सूचना निघाली. 1986 च्या दुसऱ्या सूचनेचा सूर मवाळ होता, पण तिने ‘प्राधान्याचे प्रेम’ या शब्दांना पुढे आणले आणि ही निवड पक्षीय होऊ नये असे बजावले. प्रेम म्हटले की कोणी दुखावत नाही. बाजू घेतली म्हटले की जमीनदार विचारतो, कोणाची?

तो प्रश्न ब्राझीलच्या दक्षिणेकडच्या रिओ ग्रांदे दो सुल राज्यातल्या नातालिनो चौफुलीवर थेट समोर आला. डिसेंबर 1980 पासून तिथे भूमिहीन कुटुंबे रस्त्याकडेला ताडपत्रीच्या पालांत राहत होती. छावणीतला आधीचा छोटा क्रूस काढून तिथे ओबडधोबड लाकडाचा इतका जड क्रूस आणला, की तो उचलायला अनेक खांदे लागत. त्याला बाजूने टेकू दिले होते: टेकू म्हणजे पाठीशी उभे राहिलेले लोक. छावणीत मूल दगावले की क्रूसावर पांढऱ्या कापडाची एक पट्टी चढे. मुक्तीच्या धर्मविचाराचा गाभा पुस्तकांपेक्षा इथे स्वच्छ दिसतो. टेकू शोभेला नसतो; तो काढला की क्रूस कलतो. 1981 च्या जुलैअखेर लष्कराने छावणीला वेढा घातला, तरी अनेक लोक हटले नाहीत. पुढे चर्चने देणग्यांतून 108 हेक्टर जमीन घेतली आणि 1982 मध्ये कुटुंबे तिकडे गेली. भूमिहीनांची देशव्यापी चळवळ 1984 मध्ये उभी राहिली, तिची मुळे याच छावण्यांत आहेत.

2007 मध्ये ब्राझीलमधल्या आपारेसिदाला भरलेल्या लॅटिन अमेरिकी बिशपांच्या परिषदेचे उद्घाटन करताना खुद्द पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी गरिबांसाठीची ही निवड ख्रिस्तावरच्या श्रद्धेतच अंतर्भूत असल्याचे सांगितले. 20 ऑक्टोबर 2019 रोजी, अ‍ॅमेझॉन प्रदेशाविषयी रोमला भरलेल्या बिशपांच्या सभेदरम्यान, त्याच डोमितिलात नवा करार झाला. त्यात गरिबांसाठीची ही निवड, विशेषतः मूळनिवासींसाठी, पुन्हा नोंदवली गेली. शब्द ‘ऑप्शन’च राहिला.