पडद्यावरचा पांढरा ठरला कसा

गेल्या लग्नसराईत आमच्या नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या स्टुडिओतून गेलेला एक अल्बम परत आला. नवरीची येवल्याची पैठणी वांगी रंगाची. शीटवर मात्र ती तपकिरीकडे झुकलेली, नवरदेवाचं पांढरं उपरणंही पिवळट. लॅबला फोन केला तर पलीकडून पहिलाच प्रश्न आला, "मॉनिटर कॅलिब्रेट केला होता का?" म्हणजे मोजून त्याचे रंग ठरलेल्या जागी आणले होते का. नव्हते आणले. नव्या मॉनिटरचा पांढरा मुळातच निळसर होता. त्यावर फोटो थंडगार दिसत होते, म्हणून मी उबदारपणा वाढवत गेलो. कागदाला माझा मॉनिटर ठाऊक नव्हता. फाइलमध्ये होतं तेच त्यानं छापलं.

"बरोबर रंग" म्हणजे कोणाच्या डोळ्यांना बरोबर, इथूनच ही गोष्ट सुरू होते. 1920च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये राइट आणि गिल्ड या दोन संशोधकांनी स्वतंत्रपणे प्रयोग केले. माणसाला बसवायचं, समोर एक रंग दाखवायचा आणि लाल, हिरवा, निळा प्रकाश कमीजास्त करून तोच रंग जुळवायला सांगायचं. राइटकडे 10 जण होते, गिल्डकडे 7. या 17 जणांच्या नजरेवरून 1931 मध्ये सीआयई या प्रकाश आणि रंगाची मोजमापं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं रंग आकड्यांत मांडायची पद्धत ठरवली. आज आपण वापरतो ते प्रत्येक प्रोफाइल (यंत्राच्या रंगांच्या वर्णनाची फाइल) त्याच पायावर उभं आहे. मला हे फार मोठं काम वाटतं.

पण तेव्हा पडद्याचा प्रश्नच नव्हता, रंगाचा निवाडा कागदावर व्हायचा. आपल्या त्र्यंबकेश्वरात 1870 साली जन्मलेले दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी फोटोग्राफी आणि छपाईत होते, त्रिरंगी छपाईसाठी जर्मनीलाही जाऊन आले होते. त्या छपाईत प्रूफ काढायचं, बघायचं, शाई सुधारायची. रोलच्या जमान्यातल्या कलर लॅबमध्येही तेच, फिल्टर बदलून पुन्हा प्रिंट.

1990 मध्ये फोटोशॉप आलं आणि निवाडा काचेवर गेला. जुन्या पिक्चर ट्यूबच्या मॉनिटरचा रंग तापायला वेळ घ्यायचा, वयानुसार उतरायचा, आणि ब्राइटनेसचं बटण कोणीही फिरवायचं. एकच फाइल दोन टेबलांवर दोन तऱ्हेची दिसायची. 1993 मध्ये अ‍ॅपलनं कलरसिंक हे यंत्रायंत्रांतले रंग जुळवणारं सॉफ्टवेअर आणलं, त्याच वर्षी अ‍ॅडोबी, कोडॅक, मायक्रोसॉफ्ट अशा कंपन्यांनी मिळून आयसीसी ही संस्था काढली. प्रत्येक यंत्रासोबत त्याच्या रंगांचं वर्णन असलेली फाइल द्यायची, ही तिची कल्पना. तिलाच आपण प्रोफाइल म्हणतो.

1996 मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्टनं एसआरजीबी हे पडद्यांसाठीचं एकसारखं रंगमाप सुचवलं, 1999 मध्ये ते आंतरराष्ट्रीय मानक झालं. त्याचा पांढरा डी65, म्हणजे साधारण 6500 केल्विनचा, दिवसाच्या उजेडासारखा, आणि गॅमा, म्हणजे मधल्या छटा किती उजळ-गडद दिसतील ते ठरवणारा आकडा, 2.2च्या आसपास. अ‍ॅडोबी आरजीबी या दुसऱ्या रंगमापाचा जन्म तर चुकीतून झाला. 1998च्या फोटोशॉप 5 मध्ये एका व्हिडिओ मानकाचे म्हणून घातलेले आकडे त्या मानकाशी जुळतच नव्हते. पण छपाईवाल्यांना जास्त रंग मावणारा तो मोठा रंगपट्टा आवडला, म्हणून नाव बदलून तो तसाच ठेवला. मॅकचा गॅमा मात्र 2009 पर्यंत 1.8 राहिला.

त्या काळी अ‍ॅडोबी गॅमा नावाच्या सोयीनं डोळ्यांनी पट्ट्या जुळवायचो. पण डोळा फसतो. निळसर पांढऱ्याकडे दहा मिनिटं बघितलं की तोच पांढरा वाटू लागतो. म्हणून कलरीमीटर, म्हणजे पडद्याचे रंग मोजणारं छोटं यंत्र, आला. काचेला टेकवून ठेवायचा, सॉफ्टवेअर एकेक रंग दाखवतं, तो मोजतो. यात कामं दोन आहेत, आणि त्यांची गल्लत सगळीकडे होते. आधी पडद्याचा पांढरा, उजेड आणि गॅमा ठरलेल्या जागी आणायचा, हे कॅलिब्रेशन. मग उरलेला पडदा कसा वागतो ते मोजून लिहून ठेवायचं, ते प्रोफाइल. उजेड बहुतेक जण 80 ते 120 कँडेला प्रति चौरस मीटर (उजेडाचं माप) यांच्या दरम्यान ठेवतात. त्याहून झगझगीत पडद्यावर काम केलं की प्रिंट काळपट येतात.

त्या अल्बमचं काम मी पुन्हा केलं, मोजलेल्या पडद्यावर. नवरीच्या आईला म्हटलं, "काकू, पैठणीचा ब्लाउजपीस घेऊन या." नवी शीट आली तेव्हा खिडकीशी उभं राहून त्यांनी तो कापडाचा तुकडा फोटोतल्या पदराशेजारी धरला. बराच वेळ बघितलं, मग म्हणाल्या, "हां, हीच आमची."