शेंडा खुडला की खाली नेमकं काय होतं?

फाल्गुन आला की मोबाईलवर एकच सल्ला फिरायला लागतो. मोगरा छाटा, पानं ओरबाडा, थोडे दिवस पाणी तोडा, मग खत घाला आणि बघा कळ्याच कळ्या. सल्ला चांगलाय, कारण मोगऱ्याला फुलं येतात ती नव्या फुटीवर, जुन्या काडीवर नाही, त्यामुळे जितके नवे फुटवे तितका मोगरा. पण असं का होतं विचारलं की रीलमधल्या ताई म्हणतात "झाडाची एनर्जी फुलांकडे वळते", आणि अकरावीचं बायोलॉजी लक्षात असलेले लोक हसतात, म्हणतात एनर्जी-बिनर्जी काही नाही हो, ऑक्झिन नावाचं झाडाचं हार्मोन असतं ते. मला हे सगळं प्रकरण फार आवडतं कारण गेल्या काही वर्षांत ताईंचं पारडं जरा जड झालंय.

आधी थोडं बेसिक. पान जिथे खोडाला चिकटतं त्या बेचक्यात एक बारीक डोळा असतो, म्हणजे पूर्ण फांदी व्हायची तयारी असलेली कळी, फक्त झोपलेली. नाशिककडचे द्राक्षवाले त्यातून निघालेल्या फुटीला बगलफूट म्हणतात. वरचा शेंडा वाढत असतो तोवर खालचे बरेचसे डोळे गप्प असतात, शेंडा गेला की जागे होतात. शेतकऱ्याला हे सांगायला शास्त्रज्ञ लागला नाही, हरभऱ्याचे कोवळे शेंडे भाजीसाठी खुडले की झाड डेरेदार होतं आणि घाटेही जास्त लागतात हे गावात सगळ्यांना माहीत असतं, तुरीचे शेंडेही तसेच खुडतात. तुळशीची मंजिरी खुडायची पद्धत पण त्यातलीच.

आता ऑक्झिन. 1920च्या दशकात फ्रिट्स वेंट या डच शास्त्रज्ञाने ओटच्या कोंबाचं टोक कापून अगारच्या (म्हणजे जेलीसारख्या पदार्थाच्या) तुकड्यावर ठेवलं, टोकातून काहीतरी त्या अगारमध्ये उतरलं, आणि मग टोक कापलेल्या कोंबावर नुसता तो अगारचा तुकडा ठेवला तरी कोंब वाढला. ते काहीतरी म्हणजे ऑक्झिन. नंतर 1930च्या दशकात थिमान आणि स्कूग यांनी शेंगवर्गीय रोपाचा शेंडा उडवून कापलेल्या जागी ऑक्झिन लावलं, तर खालचे डोळे झोपलेलेच राहिले! झालं, पुस्तकात छापून आलं: शेंडा ऑक्झिन बनवतो, ते खाली येतं आणि डोळ्यांना दाबून ठेवतं.

पण यात दोन घोळ आहेत. एक म्हणजे वरून येणारं ऑक्झिन त्या डोळ्यात शिरतच नाही, बाजूने खोडातून खाली निघून जातं. मग आत न जाता ते दाबतं कसं? याचं एक उत्तर असं की डोळ्याला फांदी व्हायचं तर त्याला स्वतःचं ऑक्झिन खोडात सोडावं लागतं, तशी वाट पडली की मग त्याच्या नळ्या खोडाला जोडल्या जातात. पण खोड म्हणजे सकाळची विरारहून निघालेली लोकल, वरूनच खच्चून भरून येते, मधल्या स्टेशनवरच्याने चढायचं कुठून? शेंडा कापला म्हणजे विरारलाच कोणी चढलं नाही.

दुसरा घोळ मला जास्त आवडतो, तो वेगाचा. ऑक्झिन खोडातून साधारण तासाला 1 सेंटीमीटर या चालीने खाली सरकतं, म्हणजे शेंडा कापल्यावर वीतभर खालच्या डोळ्याला "वरून माल बंद झाला" हे कळायला जवळजवळ एक अख्खा दिवस जायला हवा. पण वाटाण्यात बघितलं तर लांबचे डोळेही काही तासांतच फुगायला लागतात, म्हणजे खालचं ऑक्झिन कमी व्हायच्या आधीच! मग बातमी पोचवली कोणी? 2014 साली ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या गटाने दाखवलं की बातमी पोचवते साखर. वाढता शेंडा हा भयंकर खादाड असतो, पानांनी बनवलेली साखर तोच ओढून घेतो, खालचे डोळे उपाशी. शेंडा उडाला की ती साखर उरते आणि ऑक्झिनपेक्षा कितीतरी पट वेगाने डोळ्यांपर्यंत पोचते, तिथे डोळ्याला झोपवून ठेवणारं बीआरसी1 नावाचं जीन मंदावतं आणि डोळा हलतो. त्यांनी शेंडा न कापता झाडाच्या आत साखर वाढवूनही बघितलं, तरी डोळे जागे झाले. म्हणजे पहिली हाक साखरेची, आणि पुढे फांदी टिकून वाढायची तर ऑक्झिनचा मामला. ताईंची "एनर्जी" ती हीच.

यात तिसरा गडी पण आहे, स्ट्रायगोलॅक्टोन नावाचं रसायनांचं कुटुंब. ज्वारीच्या मुळांवर जगणारं टारफुला नावाचं तण आपल्याकडच्या शेतकऱ्यांना चांगलं माहीत आहे, त्याचं बी जमिनीत पडून राहतं आणि मुळातून झिरपणाऱ्या रसायनाचा सुगावा लागला की मगच उगवतं. हे रसायन 1966 मध्ये कापसाच्या मुळांतून वेगळं काढलं होतं. 2008 मध्ये कळलं की याच कुटुंबातली रसायनं झाडाच्या आत फुटवे रोखायचं काम करतात, ऑक्झिन त्यांचं उत्पादन वाढवतं, आणि ती बीआरसी1 ला जोर देतात, साखर त्याच्या उलट ओढते. डोकं गरगरलं असेल तर हा परिच्छेद सोडून द्या, मोगरा तरीही फुटेल.

साखरेचं वाचून कोणी कुंडीत गुळाचं पाणी ओतू नका हां. प्रयोगात साखर थेट झाडाच्या आत दिली होती, कुंडीत ओतलेली मुंग्या आणि बुरशी खाणार. आणि "अडचण असताना तुळशीला, मोगऱ्याला हात लावला की झाड जळतं" हे अजूनही शिकल्यासवरल्या घरात ऐकू येतं. 1920 मध्ये बेला शिक या नामांकित डॉक्टरनेसुद्धा पाळीच्या वेळी अंगातून विष निघतं आणि त्याने फुलं कोमेजतात असा दावा केला होता, पुढे तो टिकला नाही. बिनधास्त छाटा.

छाटताना पानांच्या जोडीच्या अर्धा सेंटीमीटर वर कात्री लावा, मोगऱ्याची पानं समोरासमोर असतात म्हणून एका कापाखाली बहुतेक दोन फुटवे मिळतात. चार-सहा दिवसांत बेचक्यात हिरवा टिपका दिसायला लागतो, तो रोज सकाळी चहाचा कप घेऊन बघायला जाणं हे माझं मार्च महिन्यातलं काम. रोप किरकोळ असेल तर पानं सगळी काढू नका, साखर बनवणार कोण? जुन्या जाड काड्यांत साठा असतो, त्या सोसतात. गुलाबाला मात्र आता मोठी छाटणी नको, ती ऑक्टोबरची. आणि अंगणात नारळ असेल तर शेंड्याच्या वाटेलाच जाऊ नका, त्याच्या बेचक्यातून फांद्या नाही, फुलोरे येतात, वाढीचं टोक ते एकच, गेंड्या भुंग्याने ते खाल्लं की माड गेला.

कापलेल्या काड्या टाकू नका, कुंडीत रोवून त्यांची रोपं करा. ऑक्झिन काडीत खालीच जायचा प्रयत्न करतं, तळाच्या कापाशी साचतं आणि तिथेच मुळं फुटतात. काडी उलटी रोवली तरी त्याला दिशा आधीचीच माहीत असते, मग मुळं फुटायची जागा येते हवेत. त्यामुळे कापतानाच खालचं टोक तिरकं कापून ठेवा म्हणजे नंतर गोंधळ नको, आणि कुंडी पाऊस सुरू होईपर्यंत सावलीत.