नमुना उपयोजन, डेटाबेसवर चालणारे (जावा चौकटीतील)

जावा भाषेतील एखादी वेब-चौकट शिकताना वा शिकवताना जो आटोपशीर कार्यक्रम लिहिला जातो, त्यास नमुना उपयोजन म्हणतात. छोट्याशा डेटाबेसमध्ये नोंदी घालणे, पाहणे, दुरुस्त करणे आणि काढून टाकणे एवढीच त्याची कामे. मराठवाड्यातील बीसीएस, बीसीए, एमसीए व अभियांत्रिकीच्या वर्गांत त्याला ‘डेमो प्रोजेक्ट’ किंवा नुसते ‘क्रड’ म्हणतात. परिभाषाकोशातला ‘उपयोजन’ हा शब्द तोंडी परीक्षेतही सहसा कानावर पडत नाही. या नोंदीत चौकट हा शब्द फ्रेमवर्क या अर्थी योजला आहे.

उगम व संज्ञा

‘क्रड’ हे निर्माण, वाचन, बदल व विलोपन या अर्थाच्या चार इंग्रजी क्रियापदांच्या आद्याक्षरांपासून झालेले नाव होय. ते प्रथम कोणी रूढ केले याविषयी एकमत नाही. बहुतेक लेखक जेम्स मार्टिन यांच्या १९८३ मधील डेटाबेस व्यवस्थापनावरील ग्रंथाकडे बोट दाखवतात. काही जण हाइम किलोव्ह यांच्या १९९० मधील लेखनाचा हवाला देतात. मार्टिन यांचा उल्लेख आधीचा असल्याने तोच ग्राह्य धरणे बरे. कल्पना मात्र त्याहून जुनी आहे. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये माहिती तक्त्यांत मांडण्याचे संबंधात्मक प्रारूप मांडले, त्यातून पुढे डेटाबेसला आज्ञा देणारी एसक्यूएल भाषा आली आणि तिच्यात इन्सर्ट, सिलेक्ट, अपडेट, डिलीट ही चार विधाने होतीच. नाव मागाहून पडले, एवढेच.

नमुन्यादाखल तयार विदा (डेटा) पुरवण्याची चालही जुनी आहे. ऑरॅकलच्या डेटाबेससोबत ‘स्कॉट’ नावाचे खाते आणि ‘टायगर’ हा संकेतशब्द येत असे. त्यात एम्प तक्त्यात १४ कर्मचारी व डेप्ट तक्त्यात ४ विभाग होते. स्कॉट हे कंपनीच्या आरंभीच्या काळातील ब्रूस स्कॉट, आणि टायगर हे मांजराचे नाव. मांजर त्यांचे की त्यांच्या मुलीचे, यावर दोन पाठभेद आढळतात. विषयाला त्याने बाधा येत नाही.

जावाच्या जगात सन मायक्रोसिस्टिम्सचे ‘पेट स्टोअर’ हे पाळीव प्राण्यांच्या दुकानाचे नमुना उपयोजन २००१ च्या सुमारास सर्वतोमुखी झाले. मायक्रोसॉफ्टने तेच दुकान आपल्या डॉट नेट या चौकटीत पुन्हा लिहून आपल्याला कमी ओळी लागल्या व ते अधिक वेगाने चालते, असा दावा केला. त्यावरून २००१–०२ मध्ये बराच वाद झाला. पेट स्टोअर रचना समजावण्यासाठी लिहिले होते, शर्यतीसाठी नव्हे, असे जावाच्या बाजूचे म्हणणे होते. ते सयुक्तिक दिसते, कारण शिकवण्यासाठी लिहिलेल्या संकेतात (कोडमध्ये) थर मुद्दाम वेगळे ठेवलेले असतात आणि त्यामुळे ओळी वाढतातच. स्प्रिंग या चौकटीचे ‘पेटक्लिनिक’ त्याच वळणावरचे आहे. त्यात मालक, प्राणी, पशुवैद्य व भेटी असे तक्ते येतात.

‘एमव्हीसी’ या संज्ञेचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. ट्रिग्वे रीन्सकाउग यांनी झेरॉक्सच्या पालो अल्टो संशोधन केंद्रात १९७८–७९ मध्ये प्रारूप (मॉडेल), दृश्य (व्ह्यू) व नियंत्रक (कंट्रोलर) ही त्रयी मांडली ती पडद्यावरील खिडक्यांसाठी, स्मॉलटॉक भाषेत. तिच्यात प्रारूप बदलले की दृश्याला वर्दी जाते. वेबवर अशी वर्दी देण्याची सोय नव्हती. त्या काळी ब्राउझरने मागितल्याशिवाय सर्व्हर बोलत नसे. जावातून वेब-पाने बनवण्याच्या जेएसपी या तंत्राच्या ०.९२ क्रमांकाच्या मसुद्यात ‘मॉडेल १’ (पानच सारे काम करते) व ‘मॉडेल २’ (विनंती आधी नियंत्रकाकडे जाते) अशा दोन पद्धती सांगितल्या होत्या. त्यांपैकी दुसरी म्हणजेच एमव्हीसी, हे समीकरण १९९९ च्या अखेरीस गोविंद शेषाद्री यांच्या लेखामुळे पसरले, असे सामान्यतः मानले जाते. क्रेग मॅक्लॅनहन यांनी २००० मध्ये सुरू केलेली स्ट्रट्स ही चौकट याच समीकरणावर उभी राहिली. काटेकोर अभ्यासक वेबवरच्या या प्रकाराला एमव्हीसी म्हणण्यास आजही राजी नसतात. त्यांचा आक्षेप योग्य असला तरी नाव इतके रुळले आहे की ते बदलणे आता शक्य नाही.

इतर टप्पे थोडक्यात असे : जेडीबीसी (जावातून डेटाबेसशी बोलण्याची सोय) १९९७ मध्ये जेडीके १.१ सोबत आले, हायबरनेट (जावातील वस्तू व तक्ते यांची सांगड घालणारे साधन) २००१ मध्ये, स्प्रिंग १.० मार्च २००४ मध्ये. जेपीए (तशाच सांगडीचे प्रमाणित रूप) २००६ मध्ये. स्प्रिंग बूट (स्प्रिंगची जुळवाजुळव आपोआप करणारी जोड) १.० एप्रिल २०१४ मध्ये.

रचना

पेटक्लिनिकऐवजी परिसरातला विषय घेतला तर तक्त्यांची आखणी खरी कसोटी पाहते. मराठवाड्यात उन्हाळी पाणीटंचाईतील टँकरच्या खेपांची नोंदवही हा असा विषय आहे. तिच्यात गाव, टँकर, उद्भव (टँकर जिथे भरतो ती विहीर वा तलाव) आणि खेप असे चार तक्ते आरंभी पुरतात. खेप ही बाकी तिघांकडे परकीय किल्लीने (दुसऱ्या तक्त्यातील ओळीची खूण ठेवणाऱ्या रकान्याने) बोट दाखवते.

पहिला पेच गावाच्या प्राथमिक किल्लीचा, म्हणजे प्रत्येक ओळ वेगळी ओळखता येईल अशा खुणेचा. गावाचे नाव किल्ली म्हणून चालत नाही, कारण पिंपळगाव व वडगाव जवळजवळ प्रत्येक जिल्ह्यात सापडतात. जनगणनेचा सहा अंकी गावक्रमांक सोयीचा वाटतो. पण टँकर वाड्यांवर आणि तांड्यांवरही जातो आणि ते पुष्कळदा एखाद्या महसुली गावाचा भाग असल्याने त्यांना वेगळा क्रमांक नसतो. म्हणून डेटाबेसने आपोआप दिलेला निरर्थक क्रमांक किल्ली करावा व जनगणनेचा क्रमांक साध्या, रिकाम्या राहू शकणाऱ्या रकान्यात ठेवावा.

दुसरा पेच जिल्ह्याचा. औरंगाबाद व उस्मानाबाद या जिल्ह्यांची नावे २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर व धाराशिव अशी झाली. ज्या कार्यक्रमात प्रत्येक खेपेच्या ओळीत जिल्ह्याचे नाव अक्षरांत लिहिलेले असते, त्यात असा बदल म्हणजे हजारो ओळींची दुरुस्ती. जिल्ह्याचा वेगळा तक्ता असेल तर दोन ओळींची. पण येथेच थांबणे पुरेसे नाही. जुन्या देयकाची प्रत काढली तर तिच्यावर त्या काळचे नाव यायला हवे. आणि नुसते नाव बदलते असेही नाही, सीमाही बदलतात. जालना जिल्हा १९८१ मध्ये, लातूर १९८२ मध्ये आणि हिंगोली १९९९ मध्ये वेगळा झाला. वसमत व कळमनुरी हे तालुके त्यापूर्वी परभणीत होते. तेव्हा तालुका कोणत्या जिल्ह्यात, या प्रश्नाला ‘कोणत्या तारखेस’ हे शेपूट जोडावेच लागते. त्यासाठी ‘पासून’ व ‘पर्यंत’ असे दोन तारखांचे रकाने असलेला जोडतक्ता करतात. प्राणी आणि त्याचा मालक यांच्या नमुन्यात हा प्रश्न डोके वर काढत नाही.

विनंतीचा प्रवास

ब्राउझरमध्ये ‘जतन करा’ हे बटण दाबले की विनंती जावातील वेब-कार्यक्रम चालवणाऱ्या टॉमकॅट सर्व्हरच्या दारी, बहुधा ८०८० या पोर्टवर, येते. स्प्रिंगमध्ये डिस्पॅचर सर्व्हलेट (सर्व्हलेट म्हणजे विनंती हाताळणारा जावा घटक) ती उचलून योग्य नियंत्रकाकडे देतो. नियंत्रक आलेला मजकूर तपासून सेवा-थराकडे सोपवतो, सेवा-थर भांडाराला म्हणजे रिपॉझिटरीला हाक मारतो आणि तिथून जेडीबीसीमार्फत एसक्यूएल विधान डेटाबेसपर्यंत पोहोचते. परतीच्या वाटेवर थायमलीफसारख्या साच्यातून एचटीएमएल पान तयार होते. हा भाग कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडतो. चुका कुठे होतात तेवढे येथे पाहू.

जतन झाल्यावर नियंत्रकाने थेट पान परत केले आणि वापरणाऱ्याने ते रिफ्रेश केले, तर तीच खेप दुसऱ्यांदा नोंदली जाते. टँकरच्या नोंदवहीत याचा अर्थ न आलेल्या पाण्याचे देयक असा होतो. म्हणून जतनानंतर ब्राउझरला दुसऱ्या पत्त्यावर पाठवण्याचा, म्हणजे रिडायरेक्टचा, प्रघात पाळतात.

दुसरी चूक यादीची. मराठवाड्यातील ७६ तालुके आणि प्रत्येकाची गावे एका पानावर दाखवायची असतील, तर जेपीए प्रथम तालुक्यांसाठी एक आणि मग प्रत्येक तालुक्याच्या गावांसाठी एकेक अशी एकूण ७७ विधाने गुपचूप चालवते. पान उघडते, उत्तर बरोबर येते, त्यामुळे दोष लक्षात येत नाही. एसक्यूएल पडद्यावर छापण्याची सोय चालू केली की ओळींचा पाऊस पडतो. जॉइन फेचने, म्हणजे दोन्ही तक्ते एकत्र वाचण्याच्या आज्ञेने, तेच काम एका विधानात होते. ज्याने एकदा तरी हाताने जेडीबीसी लिहिले आहे त्याला हे लवकर उमगते, म्हणून थेट जेपीएपासून सुरुवात करण्याची हल्लीची रीत प्रस्तुत लेखकास फारशी पटत नाही.

तिसरी चूक आकड्यांची. जावातील इंट या प्रकारात २,१४,७४,८३,६४७ पर्यंतचीच संख्या मावते. समजा ४०० टँकर, रोज प्रत्येकी ३ खेपा, खेपेला १२,००० लिटर आणि १५० दिवस, तर बेरीज २१६ कोटी लिटर होते. इंटमध्ये ही बेरीज साठवली तर अहवालात उणे २,१३,४९,६७,२९६ लिटर दिसतात. कार्यक्रम कोठेही अडखळत नाही वा चूक सांगत नाही. येथे लाँग हा प्रकार वापरावा.

मराठी मजकूर

नमुना उपयोजनात मराठी मजकूर घातला की परदेशी नमुन्यांत न भेटणारे दोष भेटतात. देवनागरीतील प्रत्येक सांकेतिक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षर-संकेतनात तीन बाइट घेते. ‘लातूर’ या शब्दात ल, काना, त, दीर्घ ऊकार व र अशी पाच चिन्हे, म्हणजे १५ बाइट. मायएसक्यूएलमध्ये ८.० (२०१८) या आवृत्तीपूर्वी मूळ अक्षरसंच लॅटिन-१ हा रोमन लिपीचा असे. तक्ता तसाच राहिला असेल तर सैल मोडमध्ये लातूरच्या जागी बरोबर पाच प्रश्नचिन्हे उमटतात. कडक मोडमध्ये नोंदच नाकारली जाते. याउलट सर्व्हलेटने विनंतीतील मजकूर आयएसओ-८८५९-१ या रोमन लिपीच्या संकेतनातला समजून वाचला, तर एकेका बाइटचे एकेक अक्षर होऊन १५ विचित्र चिन्हे तयार होतात (त्यांतले एखादे दिसतही नाही). त्यांत दर तीन चिन्हांमागे, डोक्यावर तिरकी रेघ असलेला तोच तो रोमन ‘ए’ येतो. थोडक्यात, पाच प्रश्नचिन्हे असतील तर दोष डेटाबेसच्या बाजूला आणि पंधरा चिन्हे असतील तर वाचण्याच्या बाजूला शोधावा. दुसऱ्या दोषावर उपाय म्हणजे कोणतेही प्राचल (विनंतीसोबत आलेले मूल्य) वाचण्यापूर्वी विनंतीला यूटीएफ-८ सांगणे. ते वाचून झाल्यावर सांगितल्यास उपयोग होत नाही. स्प्रिंग बूट हे काम आपणहून करते.

शोधाचा प्रश्न याहून चिवट आहे. ‘कऱ्हाळे’ या आडनावातील अर्धा र तीन तऱ्हांनी टंकित होतो : ०९३१ क्रमांकाचा ऱ व हलन्त, साधा र, त्याला नुक्ता (खालचे टिंब) व हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखे दिसू शकतात, डेटाबेसला मात्र ती तीन वेगळी माणसे वाटतात. जावाच्या नॉर्मलायझर वर्गाने पहिली दोन रूपे एक होतात. तिसरे हाताने बदलावे लागते आणि तेही जतन करण्यापूर्वी.

क्रमवारीचेही तसेच. नुसत्या सांकेतिक क्रमाने ळ हा ल च्या लगेच पुढे येतो आणि क्ष हा क च्या घरात जातो. मराठी कोशक्रमात ळ, क्ष, ज्ञ हे ह नंतर येतात. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये १० व्या आवृत्तीपासून आयसीयू या भाषाविषयक संग्रहाचे वर्णक्रम वापरता येतात.

आवृत्त्यांचा घोळ

जकार्ता ईई ९ (मोठ्या जावा उपयोजनांचा प्रमाणसंच, डिसेंबर २०२०) मध्ये पॅकेजांच्या नावातील ‘जावाएक्स’ जाऊन ‘जकार्ता’ आले. टॉमकॅट १० व स्प्रिंग बूट ३.० (नोव्हेंबर २०२२) यांनी हाच बदल स्वीकारला. दुसऱ्याला किमान जावा १७ लागते. त्यामुळे मागच्या तुकडीकडून आलेल्या वहीतला संकेत जशास तसा उतरवला तर पहिल्या आयात-ओळीपाशीच अडतो. टॉमकॅट ९ वर तो चालतो. जुन्या स्ट्रट्स १ चा पाठिंबा २०१३ मध्ये संपला.

चालवणे

वर्गात प्रात्यक्षिकासाठी एचटू हा स्मृतीत राहणारा डेटाबेस पसंत केला जातो, कारण वेगळे काही बसवावे लागत नाही. कार्यक्रम बंद झाला की त्यातील विदा जाते, त्यामुळे लाइट गेली की सकाळपासून भरलेल्या खेपा पुन्हा भराव्या लागतात. जोडणीच्या पत्त्यात स्मृतीऐवजी फाइलचे नाव दिले तर त्या टिकतात.